माडीवरचं बिऱ्हाड आणि पायाखालची फळी



जुन्या नाशकात जागा भाड्याने घ्यायची तर ती चौरस फुटांत कुणी मोजत नसे. खण मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. "दोन खणांची माडी आहे, मोरी सामाईक, जिना मागून" एवढं सांगितलं की घेणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे सगळं घर उभं राहायचं. चूल कुठे मांडता येईल, पाण्याचे हंडे कुठे राहतील, पाळणा कोणत्या कडीला टांगता येईल, हे ती बघायला जाण्याआधीच ठरवून मोकळी होत असे. आणि माडी म्हटलं की पायाखाली लाकूड, हे वेगळं सांगावं लागत नसे.

आज भाड्याच्या फ्लॅटमध्ये लाकडी जमीन म्हणजे श्रीमंती थाट समजतात. दोनतीन पिढ्यांपूर्वी नाशिक, चांदवड, येवला, मनमाड या गावांतली आपली कितीतरी घरं भाड्याच्या लाकडी जमिनीवरच राहिली, वाढली. त्या जमिनीचा इतिहास मला लिहावासा वाटतो, कारण तिच्यावरून झाडू फिरवणाऱ्या बायकांना तिची जेवढी माहिती होती तेवढी मालकालाही नव्हती.

आधी ती जमीन कशी असायची ते सांगते. वाड्याच्या दगडी जोत्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. यालाच कडीपाट म्हणतात. काही वाड्यांत त्या फळ्याच वरच्या बिऱ्हाडाची उघडी जमीन असे. बऱ्याच ठिकाणी फळ्यांवर मुरूम आणि माती ठोकून वर शेणाने सारवत. म्हणजे वरून पाहिलं तर सारवलेली भुई, खालून पाहिलं तर लाकडी छत. एकच वस्तू, दोन बिऱ्हाडांची. वरच्या बाईची जमीन हेच खालच्या बाईचं आढं. या एका गोष्टीत त्या काळच्या शेजाराचे निम्मे नियम येतात.

फळ्यांना फटी असत. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. वैशाखात फट रुंदावली की वरचा केर खालच्या घरात पडे. म्हणून खालची माणसं ताटावर बसली असताना वर झाडायचं नाही, कांडायचं नाही, मुलांना उड्या मारू द्यायच्या नाहीत. वर पाणी सांडलं तर धावत खाली जाऊन सांगायचं. आपल्या घरांत याला आणखी एक पदर होता. फटीत अन्नाचा कण अडकला की मुंग्या आल्या, मुंग्या आल्या की जयणा आली. फटीत पाणी ओतून त्या घालवायच्या नाहीत, राख टाकून चिरडायच्या नाहीत, मऊ पुंजणीने हळूहळू बाजूला करायच्या. ते काम संपायला चांगला तासभर जायचा. मग पुढच्या वेळी कण सांडू नये याची काळजी आपोआप घेतली जायची. माडीवर रात्री दिवा घेऊन खाणं का नको, हे त्या घरात राहिलेल्या मुलीला शास्त्र उघडून समजवावं लागत नसेल.

चंदरवा हा शब्द आता आपल्या मुलींना माहीत नाही. आपल्या देरावासी मैत्रिणींच्या घरी दहा चंदरव्यांची रीत सांगत: चुलीवर, पाण्याच्या जागेवर, जात्यावर, उखळावर, जेवायच्या जागेवर, झोपायच्या जागेवर, सामायिकाच्या जागेवर, असं वरून कापड ताणून बांधायचं. छतातून जीवजंतू खाली पडून मरू नये, अन्नात जाऊ नये, हा हेतू. सिमेंटच्या स्लॅबखाली उभं राहून हा नियम वाचला की तो नुसता विधी वाटतो. कडीपाटाखाली किंवा गवताच्या छपराखाली उभं राहून वाचा. वर दुसऱ्या बिऱ्हाडाची जमीन आहे, तिच्या फटींत पाली, कोळी, झुरळं आहेत आणि खाली दूध तापतंय. चंदरवा हे त्या छतावरचं घरगुती उत्तर होतं. स्लॅब आला आणि तो स्वयंपाकघरातून निघून गेला. आता महाराजसाहेबांच्या मागे पुठिया आणि वर जरीचा चंदरवा एवढाच उरलाय, तोही शोभेचा.

लाकूड कुठून यायचं? नाशकाच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा आणि त्यापलीकडे डांग, हा सगळा सागाचा मुलूख. पेशवाईत नाशकाला महत्त्व आलं, पेशव्यांचा सरकारवाडा उभा राहिला. तो सराफ बाजारात आजही आहे, राज्याचं संरक्षित स्मारक आहे. चांदवडला होळकरांचा रंगमहाल झाला. त्यांच्यासारखेच, आकाराने लहान वाडे सावकारांनी, उपाध्यांनी, व्यापाऱ्यांनी बांधले. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून त्यांची जंगलं भाडेपट्ट्याने घेतली. जहाजांना साग हवा होता. त्या राजांच्या वारसांना आजही होळीच्या सुमारास आहव्याच्या डांग दरबारात सालीना मिळतो. म्हणजे माडीच्या फळीखालचं झाड ज्या जंगलातलं, ते जंगलही एका अर्थी भाड्याचंच होतं, आणि त्याचं भाडं किती अपुरं होतं हे डांगी माणसाला विचारावं. पुढे आगगाडी आली तसा ब्रह्मदेशचा सागही इकडे येऊ लागला. जुने सुतार अजून 'बर्मा टीक' म्हणताना आवाज खाली आणतात.

सागाच्या गाभ्याला तेल असतं, वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागते. म्हणून जुन्या फळीची एक कड भुसभुशीत आणि बाकीची लोखंडासारखी, असं पाहायला मिळतं. साग निवडला तो ऐपत आणि टिकाऊपणा बघून, पण त्यामुळे आपल्या बायकांची मोठी अडचण सुटली. ज्या लाकडाला कीड लागत नाही त्यात मारायलाही काही नसतं.

आता आपल्या लोकांचं. मारवाडातून ओसवाल कुटुंबं नाशिक-नगर भागात आली ती एका वेळी नाही. आधी एक पुरुष यायचा, कुणाच्या तरी पेढीवर नोकरी करायचा, मग बायको-मुलं आणायचा. खाली गाळा, वर बिऱ्हाड, दोन्ही भाड्याचे. पुढच्या पिढीत गाळा आपला, तिसऱ्या पिढीत कधी कधी वाडाही आपला. तो कसा झाला हे आपण फार बोलत नाही. काही वाडे रोख पैसे मोजून घेतले, काही गहाण पडून सुटले नाहीत म्हणून आपले झाले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, दंगा नगर जिल्ह्यातही पसरला, त्यात मारवाडी आणि गुजराती घरं होती. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा त्यातूनच आला. नाशकातला एखादा वाडा 'पूर्वी अमुकांचा होता' असं आजोबा सांगत, तेव्हा त्या 'पूर्वी' मध्ये काय होतं हे विचारायची आपली रीत नव्हती. मला वाटतं विचारायला हवं.

आणि माडी सगळ्यांना मिळत नसे. घरमालक आधी जात विचारत असे. आपणही मालक झाल्यावर विचारली. डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर ते पारशी म्हणून राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. याच नाशकात मार्च १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह झाला. 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी' ही आपली आजची पाटी आहाराची आहे असं आपण म्हणतो. माझ्या घरात कांदासुद्धा येत नाही, तरी ती पाटी वाचताना मी थांबते. तिच्या आडून आणखी काय विचारलं जातं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

प्लेगने लाकडी घरांकडे पाहायची नजर बदलली. १८९६ साली मुंबईत साथ सुरू झाली, पुढे इलाख्यात पसरली, नाशकालाही सोडलं नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारी माणसं घरात शिरू लागली, सामान बाहेर काढू लागली, भुया खणू लागली. उंदराचा आणि प्लेगचा संबंध पक्का होत गेला तशी कडीपाटाची पोकळी, माळा आणि धान्याची कोठी ही उंदरांची घरं ठरली. उंदीर मारायच्या मोहिमा निघाल्या आणि आपल्यासारख्या अहिंसा मानणाऱ्या समाजांतून त्यांना विरोध झाला. घरातलं माणूस एका दिवसात जातंय आणि सापळा लावू की नको हा प्रश्न पुढे आहे, अशी वेळ त्या बायकांवर आली होती. त्यांना सोपं उत्तर सापडलं असेल असं मी म्हणणार नाही. लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिले. परत आल्यावर ज्यांना जमलं त्यांनी खालच्या भुईला दगडी फरशी घातली. वरच्या मजल्याला मात्र लाकूडच राहिलं, कारण एवढं वजन कड्या पेलणार नाहीत.

आता त्या जमिनीच्या खऱ्या दुखण्याकडे येते, ते म्हणजे भाडं.

दुसऱ्या महायुद्धात शहरांत जागेची टंचाई झाली, भाडी वाढली, सरकारने निर्बंध आणले. मग मुंबई राज्याचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला, १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्याने 'प्रमाण भाडं' ठरवलं. ढोबळमानाने १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच. भाडेकरू ते देत राहिला तर त्याला सहजासहजी काढता येणार नाही. फाळणीनंतरची ती वर्षं होती, माणसं रस्त्यावर येत होती, कायदा दयेचाच होता. तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं राहिला. या पन्नास वर्षांत तूर, तूप, सोनं, सुताराची मजुरी कुठल्या कुठे गेली. माडीचं भाडं चाळीस सालात उभं होतं.

याचा परिणाम फळीवर कसा झाला तो पाहा. एक कडी बदलायची तर वरचं बिऱ्हाड रिकामं करावं लागतं, टेकू द्यावे लागतात, लाकूड आणावं लागतं. मालक म्हणे, तुमच्या वर्षाच्या भाड्यात एक दिवसाचा सुतार येत नाही. भाडेकरू म्हणे, घर तुमचं, डागडुजी तुमची. कायदाही तेच म्हणतो. आजच्या, म्हणजे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्याने केलं नाही तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. भाडं महिना दहा रुपये असेल तर वर्षाचे एकशेवीस, त्याचा चौथा हिस्सा तीस रुपये. तीस रुपयांत कडी येत नाही, खिळे येतात.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात स्पष्ट म्हटलं की चाळीस सालचं गोठलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही, राज्याने नवा कायदा करावा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दरवर्षी चार टक्के वाढ दिली. दहा रुपयांवर चार टक्के चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी सत्तावीस रुपयेही होत नाहीत. मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींना निदान उपकर आणि दुरुस्ती मंडळ आहे. नाशकाच्या वाड्यांना तसं काही नाही.

मग दोन्ही बाजूंनी वाट बघणं सुरू होतं. मालक वाट बघतो की जागा कधी रिकामी होते, कारण पडक्या वाड्याच्या जमिनीची किंमत उभ्या वाड्यापेक्षा जास्त. भाडेकरू वाट बघतो की मालक किती पैसे देऊन उठवतो. कधी पागडी, कधी नव्या इमारतीत जागा. मूळ भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्यांना हक्क मिळतो, म्हणून सून सासूच्या नावाची पावती जपून ठेवते. काही जण द्वारका, इंदिरानगर, गंगापूर रोडला स्वतःचा फ्लॅट घेऊन राहायला गेले, पण वाड्यातल्या खोलीला कुलूप आणि पावती चालू. आणि फळी तेवढ्यात कुजत असते. कौल सरकतं, पाणी तुळईच्या टोकात, भिंतीत घुसलेल्या भागात मुरतं. लाकूड तिथेच आधी जातं, दिसत नाही. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी जुन्या नाशकात शिरलं तेव्हा जोती भिजली, मातीच्या भिंती फुगल्या. दर पावसाळ्यात महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते आणि दर पावसाळ्यात कुठे ना कुठे भिंत किंवा माडी खाली येते. आत माणसं असतात, कारण जागा सोडली तर हक्क जाईल ही भीती छत पडण्याच्या भीतीपेक्षा मोठी असते.

या प्रकरणात आपण दोन्हीकडे आहोत. आपल्यातले काही मालक आहेत, काही चाळीस सालचं भाडं भरणारे. स्थानकात शेजारी शेजारी बसून सामायिक करतात आणि कोर्टात समोरासमोर उभे राहतात. अशी दोन घरं मला माहीत आहेत, नावं सांगत नाही.

आपल्याकडे भाडेकरूपणाचा विचार कुणी केलाच नाही असं नाही. फार बारकाईने केलाय, पण तो साधूंसाठी केलाय म्हणून आपण तो आपला मानत नाही. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात 'शय्यैषणा' नावाचं अख्खं अध्ययन जागा कशी शोधावी यावर आहे. अंडी, जीवजंतू, जाळी असलेली जागा घेऊ नये. साधूसाठी म्हणून मुद्दाम सारवलेली, दुरुस्त केलेली जागा घेऊ नये. खांबावर, मचाणावर, वरच्या मजल्यावर, गच्चीवर, कारण नसेल तर राहू नये, कारण तिथून पडलं तर हातपाय मोडतील आणि खालचे जीव चिरडतील. म्हणजे माडीचा धोका आपल्या आगमांनी ओळखला होता. त्याच भागात पुढे 'अवग्रह' येतो: मालकाची परवानगी मागून, किती जागा, किती दिवस हे ठरवून मगच थांबायचं. अचौर्य महाव्रताच्या पाच भावनांमध्येही ही परवानगीची गोष्ट आहे. न विचारता राहणं हे अदत्तादानात मोजलंय.

जागा देणाऱ्याला शय्यातर म्हणतात. त्याच्या घरची गोचरी साधू घेत नाहीत, दशवैकालिकातल्या अनाचीर्णांच्या यादीत ते आहे. लहानपणी मला याचं वाईट वाटायचं. ज्याने जागा दिली त्याचाच आहार नाही? आता मालक-भाडेकरूंची भांडणं पाहून कारण समजतं. एकाच घरावर सगळा भार नको, आणि जागा देणाऱ्याला असं वाटायला नको की जागा दिली म्हणजे आता सगळंच देणं आलं. नाहीतर पुढच्या वेळी तो दारच उघडणार नाही. १९४८ नंतर किती मालकांनी रिकाम्या खोल्यांना वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलं ते आठवा.

आणि एक शब्द पडिहारी. आपण बारावं व्रत म्हणतो त्यात चौदा प्रकारचं दान येतं. आहार, वस्त्र, पात्र या दिलेल्या वस्तू. त्यानंतर पीठ, फलक, शय्या, संस्तारक, या पडिहारी, म्हणजे वापरून परत करायच्या. फलक म्हणजे लाकडाची फळी. चातुर्मासात महासतीजी ज्या पाटावर बसतात, झोपतात, तो पाट त्या विहाराआधी पुसून, पडिलेहण करून, ज्याचा त्याला परत देतात. चार महिने वापरला म्हणून तो त्यांचा होत नाही. तो परत जायचाय म्हणून त्याची निगा कमीही होत नाही.

वाड्यातल्या बायका, मालकीण असो की भाडेकरीण, माडीच्या फळ्यांशी बऱ्यापैकी असंच वागल्या असं माझं मत आहे. त्यांच्या नावावर काही नव्हतं. मालकाची बायको म्हणून राहणारीच्या नावावरही वाडा क्वचितच असे. भाडेपावती पुरुषाच्या नावाची, मालकी पुरुषाच्या नावाची, खटला पुरुषांचा. सारवण, फटी बुजवणं, पावसाळ्याआधी कौलं बघायला माणूस बोलावणं, खालच्यांना सांगणं, हे त्यांचं. खटला सुरू झाला की वकील पहिल्यांदा सांगे, कशालाही हात लावू नका, फोटो काढून ठेवा. वरच्या बाईने खालच्या बाईशी बोलायचं बंद केलं की कुठली कडी करकरते हे कुणाला कळणार?

आता नवीन लाकडी जमिनीबद्दल थोडं, कारण तुमच्यापैकी काहींच्या मुली भाड्याने घर बघत असतील. फ्लॅटमध्ये 'वुडन फ्लोरिंग' म्हणून जे दाखवतात ते बहुधा लाकूड नसतं. लाकडाचा भुसा दाबून केलेला पत्रा, वर लाकडाच्या फोटोचा कागद आणि पारदर्शक थर. मधल्या काळात शहाबादी, मोझॅक, स्पार्टेक, व्हिट्रिफाइड असं सगळं होऊन गेलं आणि शेवटी लाकडाचं चित्र परत आलं. त्याला पाणी चालत नाही. आपल्या दृष्टीने ते वाईट नाही, अपकायाची तेवढी विराधना कमी, घट्ट पिळलेलं फडकं पुरतं. पण भिंतीच्या कडेला पट्टीखाली थोडी फट ठेवलेली असते, फुगायला जागा म्हणून. मुंग्या आणि झुरळं तिथेच. चातुर्मासाच्या आधी ती कड नीट पुंजून घ्यावी, तिथे दाणा-पीठ ठेवू नये. करार नीट वाचा. काही मालक 'दर सहा महिन्यांनी पेस्ट कंट्रोल भाडेकरूने करून घ्यावं' असं कलम घालतात. ते आधीच काढून घ्या, नंतर वाद होतो. आणि करार नोंदवलेलाच हवा. लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा करायची सवय १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे लागली, वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची म्हणून. १९९९ च्या कायद्याने महिने कितीही असोत, लेखी आणि नोंदणीकृत करार आवश्यक केला आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. नोंद नसेल तर वादात भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं. मालकीण मैत्रिणींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

खरं सागवान कुठे गेलं म्हणाल तर ते हिंडतंय. वाडा पाडला की माती ट्रकने जाते आणि लाकूड आधीच ठरलेल्या व्यापाऱ्याकडे. खांब हॉटेलांच्या दारात उभे राहतात, कड्यांची टेबलं होतात, दिंडी दरवाजे फार्महाउसला लागतात. गुजरातेतल्या पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकातला कोरीव लाकडी मंडप तर १९१६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. आपल्या माडीच्या साध्या फळीला कुणी म्युझियममध्ये नेणार नाही, पण जुन्या सागाचा भाव नव्यापेक्षा चढा असतो. शंभर-दीडशे वर्षांत ते चांगलं मुरलेलं असतं, पुन्हा फारसं हलत नाही.

द्वारकेवरून भद्रकालीकडे पायी निघालात तर गल्लीबोळांत अजून काही वाडे दिसतील. लोखंडी पाइपांचे टेकू लावलेले, महापालिकेची नोटीस चिकटवलेली, माडीवर दोरीला कपडे वाळत घातलेले. उभ्या उभ्या वर नजर टाकलीत तर सज्जाखालचा कडीपाट दिसतो. जिथे खाली अजून कुणी राहतं, तिथे कधी कधी फळ्यांच्या खाली प्लास्टिकचा निळा कागद चारही कोपऱ्यांना खिळे मारून ताणलेला असतो, वरचा केर आणि पाणी अंगावर पडू नये म्हणून.